जुन्या मोटारीच्या इंजिनातला अनोळखी आवाज कसा शोधावा

जुनी मोटार नव्याने घेतलेला माणूस मिस्त्रीसमोर उभा राहतो तेव्हा तो बहुधा आवाजाची नक्कल करून दाखवतो: टक्‌टक्, खडखड, कधी घर्रर्र. या नकलेचा उपयोग फार थोडा असतो. ढिला टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतला, फट लावता येणारा भाग), मॅनिफोल्डच्या (धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्याच्या) गॅस्केटमधून निसटणारा धूर, नीट न आवळलेला प्लग आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपाची झिजलेली दांडी हे चौघेही जवळजवळ सारखेच टक्‌टक् करतात. आवाज केव्हा सुरू होतो, केव्हा थांबतो आणि काय केल्यावर बदलतो, एवढे कळले तरच त्यांना एकमेकांपासून वेगळे काढता येते. पुढील सर्व पायऱ्या ही माहिती गोळा करण्यासाठी आहेत आणि इंजिन उघडण्याची वेळ सर्वांत शेवटी यावी, असाच त्यांचा क्रम आहे.

हे विवेचन कार्बोरेटर, प्लॅटिनम पॉइंट आणि पुशरॉड असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनांना धरून केले आहे. १०८९ घनसेंटिमीटरची फियाट ११०० आणि पुढे तीच पद्मिनी, तसेच १४८९ घनसेंटिमीटरची अॅम्बॅसडर या त्या कुळातल्या ठळक गाड्या. दोन्हींत कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये बसतो, तो चेनने फिरतो आणि पुशरॉड व रॉकर यांच्यामार्फत हेडमधील व्हॉल्व्ह उघडतो. जुन्या महिंद्रा जीपच्या हरिकेन इंजिनात मात्र इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कुशीत असतात, त्यामुळे तिथे टॅपेटचा आवाज दोन वेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतो.

पहिली पायरी: इंजिन चालू ठेवायचे की नाही, हे ठरवणे

आवाज खोल, जड आणि खालून येणारा असेल व त्याच वेळी ऑइलचा दिवा लुकलुकत असेल किंवा प्रेशरचा काटा पडलेला असेल, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे. अशी गाडी गॅरेजपर्यंत "हळूहळू" चालवत नेऊ नये, टो करूनच न्यावी. बेअरिंगचे काम शेल (बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या) बदलण्यावर भागेल की क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंड करावा लागेल, हे अनेकदा त्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये ठरते.

असे काही नसेल तर गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. ऑइलची पातळी योग्य असली तरी त्याचा दर्जा विचारात घ्यावाच लागतो. आजच्या गाड्यांसाठी असलेले ५डब्ल्यू-३० सारखे पातळ ऑइल जुन्या, झिजलेल्या आणि मुळातच सैल मापांच्या इंजिनात घातले, तर गरम झाल्यावर प्रेशर उतरते आणि निरोगी इंजिनही वाजू लागते. या इंजिनांना साधारणपणे २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० मानवते. मागच्या मालकाने कोणते ऑइल घातले होते हे माहीत नसेल, तर ऑइल आणि फिल्टर बदलून मगच पुढची तपासणी करावी. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीच्या ऑइल फिलरच्या झाकणाखाली पांढरट मलईसारखा थर दिसतो. बहुतेक वेळा ते आतल्या दमटपणाचे पाणी असते आणि गाडी नीट गरम होईपर्यंत चालवली की जाते. डिपस्टिकवरही तोच थर दिसला आणि रेडिएटरमधले पाणीही कमी होत असले, तर मात्र संशय हेड गॅस्केटवर घ्यावा.

ऑइलच्या दिव्यावर पूर्ण विसंबू नये. प्रेशर बरेच खाली आल्यावरच तो लागतो, त्यामुळे दिवा विझलेला आहे म्हणजे प्रेशर पुरेसे आहे असे सिद्ध होत नाही. सेंडरच्या (दिव्याला प्रेशर कळवणाऱ्या भागाच्या) जागी काही काळ यांत्रिक गेज लावून गरम इंजिनाचे प्रेशर मोजता येते आणि जुन्या गाडीच्या तपासणीत इतके स्वस्त आणि इतके बोलके दुसरे माप नाही.

दुसरी पायरी: आवाजाची नोंद

एक वही घ्यावी आणि त्यात फक्त परिस्थिती लिहावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी स्टार्टर मारल्यावर आवाज लगेच येतो की काही मिनिटांनी? गरम झाल्यावर तो वाढतो की मावळतो? गाडी न्यूट्रलमध्ये असताना रेस केल्यावर येतो की चढावर टॉप गिअरमध्ये ओढताना? ॲक्सिलरेटर सोडल्यावर येतो का? क्लच दाबल्यावर बदलतो का?

यातील प्रत्येक उत्तर काही शक्यता बाद करते. थंड असताना वाजणारा आणि गरम झाल्यावर शांत होणारा आवाज बहुधा पिस्टनच्या सैलपणाचा किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गळतीचा असतो, कारण धातू तापून फुगल्यावर फट भरते. गरम झाल्यावर वाढणारा आवाज अधिक चिंतेचा, कारण ऑइल पातळ झाल्यावर बेअरिंगमधली खरी फट उघडी पडते. स्टार्ट केल्यावर दोन-तीन सेकंदच खडखडाट होऊन इंजिन शांत होत असेल, तर रात्रभरात फिल्टरमधले ऑइल संपात (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरले होते आणि ते पुन्हा वर चढेपर्यंतचा तो आवाज आहे. तो फिल्टरच्या आतल्या झडपेचा दोष आहे, इंजिनाचा नव्हे. फक्त क्लच दाबल्यावर येणारी घरघर रिलीज बेअरिंगची असते, तर क्लच सोडलेला असताना न्यूट्रलमध्ये येणारी आणि क्लच दाबताच थांबणारी घरघर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगची. क्लच दाबताच एखादा जड ठोका बंद होत असेल, तर क्रँकशाफ्टची पुढे-मागे होणारी हालचाल, म्हणजे एंड प्ले, वाढली आहे असे समजावे.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करण्यास हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर निदान करू नये. फोनचा मायक्रोफोन आवाजाची पातळी आपोआप बदलतो आणि खालच्या पट्टीतला जड ठोका बऱ्याचदा गिळून टाकतो, त्यामुळे सगळेच इंजिन टॅपेट वाजत असल्यासारखे ऐकू येते.

तिसरी पायरी: जागा शोधणे

हे काम पहाटे, आजूबाजूची वर्दळ सुरू होण्यापूर्वी करावे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि ग्राइंडर सुरू झाल्यावर रस्त्यात बॉनेट उघडून ऐकण्यात अर्थ नसतो. गाडी उघड्या जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावून उभी करावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सैल बाही, गळ्यातले उपरणे, ओढणी किंवा मनगटातली साखळी फॅन बेल्टजवळ न्यायची नाही, हे सांगण्याची गरज नसावी, पण गॅरेजमध्ये बोटे गमावलेली माणसे असतात म्हणून सांगितले.

साधन म्हणून मिस्त्री लोक वापरतात तो लांब स्क्रूड्रायव्हर पुरेसा आहे. टोक इंजिनाच्या भागावर टेकवून मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली की त्या जागेचा आवाज स्पष्ट होतो. बाजारात मिळणारा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप अधिक सोयीचा आहे. हवेची किंवा धुराची गळती शोधायला मात्र रबरी नळीचा तुकडा वापरावा. एक टोक कानाशी धरून दुसरे टोक मॅनिफोल्डच्या सांध्यांवरून फिरवले की गळतीच्या जागी फुसफुस एकदम मोठी होते. रॉकर कव्हर, टायमिंग चेनचे कव्हर, पेट्रोल पंप, डायनॅमो, वॉटर पंप, ब्लॉकच्या बाजू आणि ऑइल संप असा क्रम ठेवावा आणि प्रत्येक जागी सारखाच वेळ ऐकावे. धातूतून आवाज दूरवर जातो, म्हणून "इथे येतो" एवढे पुरत नाही. "इथे सर्वांत मोठा येतो" असे म्हणता आले पाहिजे.

बॉनेट बंद करून आणखी एक तपासणी करता येते. मंगळवार पेठेसारख्या जुन्या पेठांच्या अरुंद गल्लीतून, दोन्ही काचा खाली करून, भिंतीजवळून हळू गाडी नेली की त्या बाजूचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. एकदा डाव्या भिंतीजवळून आणि एकदा उजव्या भिंतीजवळून गेल्यास एक्झॉस्टच्या बाजूची गळती लगेच उघड होते.

चौथी पायरी: बाहेरचे सगळे बाद करणे

नवख्यांनी सर्वाधिक वेळ इथे द्यावा, असे माझे ठाम मत आहे. इंजिनाबाहेरचे भाग आतल्या भागांची इतकी हुबेहूब नक्कल करतात की एखादा सैल बोल्ट कळेपर्यंत अख्खे इंजिन उतरवून झालेले असते.

इंजिन थंड असताना फॅन बेल्ट काढावा आणि इंजिन एका मिनिटाहून कमी वेळ चालवावे. आवाज गेला तर दोष डायनॅमोत किंवा वॉटर पंपात आहे आणि मग बेल्ट नसतानाच दोन्ही पुली हाताने फिरवून, हलवून पाहाव्यात. या गाड्यांत बेल्टवरच वॉटर पंपही चालत असल्याने ही चाचणी लांबवू नये.

आवाज राहिला तर क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाची पुली पाहावी. तिचा मधला बोल्ट किंवा चावी ढिली असेल तर ती बिग एंड (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) बेअरिंगसारखाच ठोका देते, तोही इंजिनाच्याच वेगाने. फ्लायव्हीलच्या सैल बोल्टचेही तसेच. इंजिन माउंटिंगचे रबर बसले असेल तर इंजिन खाली येऊन एक्झॉस्टचा पाइप बॉडीला लागतो आणि विशिष्ट रेसलाच घणघणतो. इंजिन बंद असताना पाइप हाताने हलवला की ते कळते.

पेट्रोल पंप हा तर फसवणुकीत पटाईत. कॅमशाफ्टवरच्या एक्सेंट्रिकने त्याची दांडी हलते, म्हणून त्याची टक्‌टक् नेमकी टॅपेटच्याच गतीने येते. स्क्रूड्रायव्हर पंपाच्या अंगावर टेकवल्यावर ती रॉकर कव्हरवरच्यापेक्षा मोठी ऐकू आली, तर टॅपेटला हात लावण्याचे कारण उरत नाही. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे या पंपांचे जुने डायफ्राम आणि रबरी नळ्या लवकर कडक होतात किंवा फुगतात. हे इथेनॉल काही अंशी ज्या उसापासून होते तो आपल्याच जिल्ह्यात पिकत असल्याने तक्रार कुणाकडे करायची, हा प्रश्नच आहे. असो, पंप उघडला आहे तर इथेनॉल सोसणारा डायफ्राम बसवून घ्यावा.

पावसाळ्यात एक कोरडी, तिखट टिक्‌टिक् ऐकू येते आणि तिचा यंत्राशी काहीच संबंध नसतो. प्लगची जुनी वायर किंवा डिस्ट्रिब्युटरची तडकलेली टोपी ब्लॉकवर ठिणगी टाकत असते. अंधारात बॉनेट उघडून पाहिले की निळसर ठिणग्या दिसतात.

पाचवी पायरी: एकेक सिलिंडर बंद करणे

बाहेरचे सर्व बाद झाल्यावर दोष वर आहे की खाली, हे ठरवायचे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी होते. म्हणून व्हॉल्व्ह, रॉकर, टॅपेट यांचा आवाज इंजिनाच्या निम्म्या गतीने येतो आणि बिग एंडचा सहसा पूर्ण गतीने. ८०० आरपीएमला क्रँक सेकंदाला तेराहून अधिक फेऱ्या घेतो, त्यामुळे कानाने मोजणे अवघड; टायमिंग लाइट असेल तर तो पहिल्या सिलिंडरच्या वायरला लावावा. तो क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा चमकतो. एका चमकेमागे एक ठोका असेल तर दोष व्हॉल्व्हच्या बाजूचा, दोन ठोके असतील तर खालचा, असा ढोबळ निर्णय करता येतो.

आता इंजिन बंद करून एका सिलिंडरची वायर काढावी, तिला जादा प्लग लावून तो प्लग ब्लॉकला घट्ट टेकवून ठेवावा आणि इंजिन सुरू करावे. चालू इंजिनाची वायर हाताने खेचू नये आणि ती मोकळीही सोडू नये. धक्का बसतो आणि कॉइलवरही ताण येतो. चारही सिलिंडर असे आळीपाळीने बंद करून वहीत लिहावे.

एखादा सिलिंडर बंद केल्यावर जड ठोका जवळजवळ नाहीसा झाला, तर त्याच सिलिंडरचे बिग एंड बेअरिंग संशयित आहे, कारण स्फोटाचा दाब गेल्यावर रॉडवरचा भारही गेला. थंड इंजिनातली पिस्टनची पोकळ थपथपही अशीच कमी होते, पण ती गरम झाल्यावर मुळातच मावळते, म्हणून दोन्हींत गोंधळ होऊ नये. ठोका तीक्ष्ण आणि दुहेरी असेल, आयडलिंगलाच जास्त जाणवत असेल आणि सिलिंडर बंद केल्यावर त्याचा बाज बदलत असेल, तर गजन पिन (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी खीळ) पाहावी लागेल. एका सिलिंडरने काही फरक पडत नाही, पण शेजारचे दोन बंद केल्यावर दबका धमधमाट उतरतो, तेव्हा त्या दोघांमधले मेन बेअरिंग (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारे) आठवावे. कोणताही सिलिंडर बंद केला तरी आवाज तसाच राहिला, तर वरच्या व्हॉल्व्हगिअरकडे किंवा टायमिंग चेनकडे वळावे. चेनची खडखड पुढच्या कव्हरवर सर्वांत मोठी असते आणि ॲक्सिलरेटर एकदम सोडल्यावर वाढते.

सहावी पायरी: टॅपेट

रॉकर कव्हर काढून इंजिन हळू आयडलिंगवर चालवावे (ऑइल थोडे उडते, चिंधी जवळ ठेवावी) आणि प्रत्येक रॉकर व व्हॉल्व्हच्या दांड्यामध्ये फट मोजण्याच्या फिलर गेजचे पातळ पान सरकवून पाहावे. ज्या जागी पान जाताच टक्‌टक् थांबते, तो दोषी. त्यानंतर इंजिन बंद करून सर्व टॅपेट मॅन्युअलमधल्या मापाला, तेही थंड की गरम हे वाचून, लावावेत. अॅम्बॅसडरच्या जुन्या इंजिनासाठी सोपी युक्ती आहे: आठ व्हॉल्व्हना पुढून मागे १ ते ८ क्रमांक द्यावेत, जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल त्याचा क्रमांक ९ मधून वजा करावा आणि जो क्रमांक येईल तो टॅपेट लावावा. आठवा पूर्ण उघडा असेल तर पहिला, सहावा उघडा असेल तर तिसरा.

माप अचूक लावूनही टॅपेट वाजत राहतो, अशी तक्रार हमखास येते. त्याचे कारण रॉकरच्या टोकाला पडलेला खळगा असतो. व्हॉल्व्हच्या दांड्याने तिथे वर्षानुवर्षे घासून खड्डा केलेला असतो, फिलर गेजचे सपाट पान त्या खड्ड्यावरून पुलासारखे जाते आणि खरी फट मोजलेल्या मापापेक्षा मोठीच राहते. रॉकर काढून ते टोक घासून नीट करून घेतल्याशिवाय हा आवाज जात नाही. रॉकर शाफ्ट झिजला असेल तर रॉकर हाताने वरखाली हलवल्यावरच कळते.

आवाज बंद करण्यासाठी फट मापापेक्षा कमी करणे हा सर्वांत वाईट उपाय. देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते. शिशाचा जो पातळ थर जुन्या व्हॉल्व्ह सीटला वाचवत असे तो आता नाही, त्यामुळे मऊ सीटमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू रुततो. तो रुतला की टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते आणि इंजिन शांत होते. पुढे व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईनासा होतो आणि जळतो. म्हणून बोलणाऱ्या टॅपेटपेक्षा गेल्या वेळेपेक्षा शांत झालेल्या टॅपेटची फट आधी मोजावी. ती वारंवार कमी होत असेल, तर हेड उतरवून कडक सीट बसवून घेण्याची वेळ आली आहे.

सातवी पायरी: भाराखालचा आवाज

काही आवाज उभ्या गाडीत येतच नाहीत. त्यांच्यासाठी शहरापासून सुमारे २० किलोमीटरवरचा पन्हाळा सोयीचा आहे. वाघबीळ सोडून चढ लागला की टॉप गिअरमध्ये थोडे ओढून पाहावे. धातूवर खडे पडल्यासारखी खणखण आली आणि गिअर उतरवताच थांबली, तर ते नॉकिंग (सिलिंडरमधल्या मिश्रणाचे अवेळी, भडकून पेटणे) आहे, बेअरिंग नव्हे. इग्निशन टायमिंग फार पुढे असणे, डिस्ट्रिब्युटरच्या वजनांच्या स्प्रिंग ढिल्या पडणे, पिस्टनवर कार्बन साचणे किंवा मिश्रण पातळ होणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. इथेनॉलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो, पण कार्बोरेटरच्या जुन्या मापाच्या जेटमधून तेच मिश्रण पातळ पडते, हे लक्षात ठेवावे. आधी टायमिंग तपासावे, मग जेट बदलण्याचा विचार करावा. नॉकिंग सहन करत चढ चढू नये, त्याने पिस्टन फुटू शकतो.

२०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची नोंदणी व्हिंटेज म्हणून केली असेल, तर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. दुरुस्ती-देखभाल, प्रदर्शन, रॅली यांसाठीच तिला मोकळीक आहे. त्यामुळे अशी चाचणी घेताना कागदपत्रे जवळ ठेवावीत.

शेवटची पायरी: उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर

संशय खालच्या भागावर स्थिर झाला तरी आधी दोन कामे करावीत. कॉम्प्रेशन मोजावे आणि ज्या सिलिंडरचे कमी असेल त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. वाढले तर रिंगा, न वाढले तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन्ही कमी असतील तर मधले हेड गॅस्केट. मग ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढून उन्हात पाहावे आणि त्यात लोहचुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे, न चिकटणारे मऊ करडे पापुद्रे बेअरिंगच्या वरच्या थराचे. तांब्याच्या रंगाची चमक दिसली तर तो थर संपून खालचा धातू झिजत आहे आणि आता संप काढावाच लागेल.

ओतकाम आणि लेथकाम यांच्यावर वाढलेल्या या शहरात बोअरिंग, लायनर आणि क्रँक ग्राइंडिंग करणारी माणसे उद्यमनगरात आहेत, हे जुन्या गाडीवाल्याचे भाग्य. मात्र काम देताना क्रँकच्या प्रत्येक जर्नलचे (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचे) मायक्रोमीटरने घेतलेले माप लिहून मागावे, आडवे आणि उभे दोन्ही, कारण जर्नल लंबगोल झिजतो. अंडरसाइज (घासून कमी केलेले माप) १०, २०, ३० थाऊ (इंचाचा हजारावा भाग) अशा टप्प्यांनी जातो. म्हणून आधी बेअरिंग कोणत्या मापाची मिळतात ते पाहावे आणि मगच क्रँक घासायला द्यावा. उलट केल्यास घासलेला क्रँक बेअरिंगची वाट पाहत पडून राहतो. काढलेले शेल फेकू न देता त्यांच्यावर सिलिंडरचा क्रमांक लिहून ठेवावा. एकच शेल जळलेले असेल तर त्याच्या ऑइलच्या वाटेत अडथळा आहे, सर्व सारखीच झिजलेली असतील तर ऑइल पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह तपासायचा आहे. क्रँकमधली ऑइलची छिद्रे तारेने आणि हवेने साफ केल्याखेरीज तो परत बसवू देऊ नये. व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर मूळ ब्लॉक बदलण्याचा सल्ला सहज मान्य करू नये.

जोडणी झाल्यावर पहिल्या स्टार्टआधी प्लग काढून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवावे. पहिले ५०० किलोमीटर टॉप गिअरमध्ये ओढू नये, त्यानंतर ऑइल बदलावे, हेडचे नट मॅन्युअलमधल्या क्रमाने व ताणाने पुन्हा तपासावेत आणि ते झाल्यावरच टॅपेट लावावेत, कारण नट आवळल्यावर टॅपेटची फट बदलते.